एकोणीस लिटरचा संगणक

दूध, रॉकेल आणि गोडं तेल या तीन गोष्टी लिटरमध्ये मोजतात, एवढ्या सामान्यज्ञानावर मी ६७ वर्षं सुखानं काढली. पेट्रोलही लिटरमध्येच मिळतं म्हणतात. पण माझी झेप सायकलीपलीकडे कधी गेली नाही, त्यामुळं तो विषय मला ऐच्छिक. अशा माणसापुढं त्याची सख्खी नात हातात मोजपट्टी घेऊन उभी राहते आणि विचारते, "आजोबा, कॉम्प्युटर किती लिटरचा करू?" तर त्यानं काय समजावं? मी समजलो, पोरीला ऊन लागलं. दिवस मेचे होते, वसमतहून ती भर दुपारच्या एस.टी.नं आली होती, आणि आमच्या हिंगोलीत मे महिन्यात कावळेसुद्धा ओरडायचं काम संध्याकाळवर ढकलतात. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून सौ.ला हाक दिली, "अगं, हिला आधी पन्हं दे, मग डोक्यावर कांदा ठेवू!"

नातीनं पन्हं घेतलं, कांदा नाकारला आणि मलाच शिकवणीला बसवलं. संगणकाच्या पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा, हजारानं भागायचं, आले लिटर. टेबलाखाली आपले गुडघे फोडायला ठेवलेला असतो तो उभा डबा चाळीस-पन्नास लिटर सहज भरतो. वीस लिटरच्या आत बसला तर त्याला लहान म्हणायचं. अशा लहान जातीचे संगणक सुटे भाग आणून घरी जोडणं, त्यांच्या पेट्या कापणं, वळवणं, बदलणं हा जगभर पसरलेला छंद आहे, आणि त्यातले शौकीन एकेका लिटरसाठी जीव टाकतात. जर्मनीतल्या एका हौशी माणसानं गेल्या दशकात ७.२ लिटरची पेटी आखली आणि तिच्यात मोठ्या डब्यातलं सगळं सामान बसवून दाखवलं, तर या मंडळींत दिवाळी झाली. आमच्या गल्लीत गवळी पाव लिटर कमी घालतो तेव्हा भांडण होतं; तिकडे पाव लिटर कमी झालं की टाळ्या पडतात. देश तसे वेश.

"मग कर की बाई, हवा तेवढ्या लिटरचा," मी उदारपणे म्हणालो.

"पेटी पाहिजे."

"घे पेटी."

"घेतली," ती म्हणाली, आणि तिनं मोजपट्टी फडताळावरच्या रेडिओला लावली. "अडतीस... पंचवीस... वीस. बरोबर एकोणीस लिटर! आजोबा, पणजोबांचा रेडिओ पास झाला!"

रेडिओ पास झाला. ऊन मात्र मला लागलं.

हा रेडिओ आमच्या आबांचा. १९६२ साली घेतलेला, पाच व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीचा. समोर सोनेरी कापड, त्याखाली काचेची पट्टी आणि काचेवर मुंबई, दिल्ली, हैदराबाद, सिलोन, लंडन अशी गावं शेजारी-शेजारी. जगाचा भूगोल मी त्या काचेवर शिकलो, त्यामुळं लंडन हे हैदराबादहून दोन बोटं लांब आहे ही माझी समजूत पुढं परीक्षेत नडली. बटण फिरवलं की 'टक्' असा आवाज व्हायचा आणि मग अर्धा मिनिट काहीच नाही. व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळं घर श्वास रोखून उभं. आबा तर तेवढा वेळ बटण धरून ठेवायचे. जणू सोडलं तर बातम्या पळून जातील. दरवर्षी पोस्टात पैसे भरून रेडिओचा परवाना नवा करावा लागे. परवाना लागणाऱ्या वस्तू दोनच, बंदूक आणि रेडिओ. आमच्या घरी बंदूक नव्हती, म्हणून सगळा दरारा रेडिओकडे होता.

१९७० साली, मी बारा वर्षांचा असताना, आबा कामावर गेल्याचं पाहून मी रेडिओचं पाठीमागचं झाकण उघडलं. आत बोलणारी माणसं शोधायला नव्हे. तेवढं मला कळत होतं. मला पाहायचा होता काटा. इकडं बटण फिरवलं की तिकडं काचेमागं काटा सरकतो तो कसा? पाहिलं तर आत एक बारीक दोरा, चार चिमुकल्या कप्प्यांवरून फिरवून आणलेला. एवढंच? मी तो बोटानं ओढून पाहिला. तो तुटला. झाकण तसंच टाकून मी जो पळालो, तो अंधार पडेपर्यंत कयाधू नदीच्या काठी बसून राहिलो.

घरी आलो तर आबा स्वतः झाकण लावत होते. त्यांनी हात उगारला नाही. एवढंच म्हणाले, "उघडलंस त्याचं काही नाही रे. उघडं टाकून पळालास, ते बरं नाही केलंस."

काटा त्या दिवसापासून हैदराबादवर थांबला. पुढं आबा कानानं स्टेशन लावत. काटा हैदराबादवर आणि आवाज दिल्लीचा! मराठवाड्याचा १९४८ नंतरचा इतिहास पोरांना शिकवताना मला दुसरा दाखला कधी लागला नाही. पुढं व्हॉल्व्ह मिळेनासे झाले, रेडिओ मुका झाला. १९९४ साली आबा गेले. मी मात्र १९७० नंतर कशाचंच झाकण उघडलं नाही. घड्याळ थांबलं की दुकानात, पंखा थांबला की मिस्त्री, आणि कुकरची शिट्टी अडकली की मी अंगणात.

असा हा रेडिओ पोरगी उघडायला निघाली होती. सरळ 'नाही' म्हटलं असतं. पण नातीला सरळ 'नाही' म्हणणारा आजोबा मराठवाड्यात अजून जन्माला यायचाय. मी इतिहासाचा निवृत्त मास्तर. पराभव लांबवायची आमच्या विषयात एक जुनी युक्ती आहे, ती म्हणजे पुरावा मागणे. मी म्हणालो, "या असल्या उपद्व्यापाला काही इतिहास आहे का? असेल तर सांग, मग पाहू." मला वाटलं, गप्प बसेल. ती म्हणाली, "आहे ना!" आणि त्या रात्री लाईट गेल्यावर गच्चीवर मला तो ऐकावा लागला. नंतर मी तो ताडूनही पाहिला, मास्तरकीची खोड.

तिनं सुरुवात रेडिओपासूनच केली. पहिले संगणक व्हॉल्व्हचेच होते. पणजोबांच्या रेडिओत पाच व्हॉल्व्ह. अमेरिकेत १९४६ साली जगापुढं आलेल्या 'एनियॅक'मध्ये सुमारे १८,००० आणि वजन ३० टन. आपल्याकडे १९५० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या पुढाकारानं तरुण मंडळींनी असाच एक संगणक स्वतः बांधायला घेतला. त्यातल्या बहुतेकांना संगणकाचा आधीचा काहीच अनुभव नव्हता. तरी १९६० साली तो कामाला लागला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं बारसं केलं. २,७०० व्हॉल्व्ह, १२,५०० रेझिस्टर आणि १८ फूट लांब, ८ फूट उंच, अडीच फूट खोल अशी पोलादी चौकट. मी अंधारात बोटं मोडून हिशेब केला. ३६० घनफूट, घनफुटाला सव्वाअठ्ठावीस लिटर, म्हणजे दहा हजार लिटर! उन्हाळ्यात गल्लीत पाण्याचा टँकर येतो ना, तेवढा. आणि त्याची स्मरणशक्ती? आजच्या भाषेत दहा किलोबाइट. रोज सकाळी माझ्या फोनवर 'शुभ सकाळ'चं जे गुलाबाचं फूल येतं, ते त्या टँकरात मावलं नसतं.

"हा देशानं घरी बांधलेला," नात म्हणाली. "आता माणसांनी घरी बांधलेला ऐका."

जानेवारी १९७५. अमेरिकेतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' नावाच्या निळसर पेटीचं चित्र झळकलं. घरी जोडायचा संगणक, किंमत चारशे डॉलरच्या आसपास. मौज अशी की चित्रातली पेटी पोकळ होती. खरा नमुना मासिकाकडे पार्सलनं पाठवला, तो वाटेत हरवला, म्हणून नुसते दिवे लावलेली पेटी उभी करून फोटो काढला. पार्सल हरवण्याची कला केवळ आपल्याकडेच आहे असं मानून मी आजवर उगाच खाली मान घालत होतो! तरीही लोकांनी पैसे पाठवले. बदल्यात आले सुटे भाग आणि जोडणीची पुस्तिका. ते झाळून-जोडून जे तयार व्हायचं त्याला ना पडदा, ना टंकफलक. पुढं नुसती बटणं आणि लुकलुकणारे दिवे. पण ते आपलं होतं! ५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथं एका गॅरेजात अशा उद्योगी लोकांचा पहिला मेळावा भरला. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्याकडे आणीबाणी आली. तिकडे लोक झाकणं उघडत होते, इकडे तोंडं बंद होत होती.

त्या मेळाव्याला जाणाऱ्यांपैकीच स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी १९७६ साली 'अॅपल-१' बनवला. किंमत ६६६ डॉलर ६६ सेंट, आणि मिळायचं काय? उघडा पट्टा. पेटी ज्याची त्यानं शोधायची. काहींनी त्यासाठी लाकडाच्या पेट्या करून घेतल्या. "लाकडाच्या, आजोबा," नातीनं पुन्हा सांगितलं, आणि अंधारातसुद्धा ती फडताळाच्या दिशेनं पाहतेय हे मला कळलं.

मग इंग्लंडात १९८१ साली सिंक्लेअरचा 'झेडएक्स ८१' आला. स्वतः जोडायचा असेल तर ४९ पौंड ९५ पेन्स. पडदा म्हणून घरचा टीव्ही, वही म्हणून घरचा टेपरेकॉर्डर. स्मृती एक किलोबाइट. ती वाढवायला पाठीमागं एक ठोकळा अडकवायचा, आणि टेबलाला कुणाचं कोपर लागलं की तो ठोकळा हलून तासाभराचं काम पुसलं जायचं. लोकांनी ठोकळ्याला टेकू दिले, चिकटपट्ट्या लावल्या. त्याच्या धाकट्या भावाची, 'स्पेक्ट्रम'ची, एक आवृत्ती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या पुण्यातल्या एका कंपनीनं 'डीबी स्पेक्ट्रम' नावानं काढली होती. पुण्यात निघालेली वस्तू असून तिच्यावर 'दुपारी १ ते ४ बंद' असं लिहिलेलं नव्हतं, ही त्या काळची खरी तांत्रिक प्रगती.

इथून पुढचा थोडा इतिहास माझ्याही डोळ्यांदेखतचा आहे. नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारनं नवं संगणक धोरण आणलं, सुटे भाग आणणं सोपं होत गेलं, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. भडकमकर मार्गावर, ते भाजीसारखे मिळू लागले. 'असेंबल्ड' हा शब्द मराठीत आला तो तेव्हा, आणि मराठीच होऊन बसला. कंपनीचा घ्यायचा की असेंबल्ड, यावर लग्नाच्या पंगतीत वाद झडत. मी होतो त्या शाळेत संगणक आला तेव्हा त्याला स्वतंत्र खोली, खिडक्यांना पडदे आणि दारात पाटी: 'चपला बाहेर काढाव्यात'. गावात त्याच्याइतका मान फक्त देवळांना होता. फरक एवढाच की देवळात आत गेल्यावर देवाला नमस्कार तरी करता येतो. इथं हात लावायची मनाई होती.

"पण एवढी मोठी पेटी कशाला लागायची?" मी विचारलं. आता मला रस वाटू लागला होता, पण तो आवाजात येऊ दिला नाही.

कारण मदरबोर्ड मोठा. १९९५ साली इंटेलनं त्याचं एक माप ठरवलं, ३०५ बाय २४४ मिलिमीटर, म्हणजे फुटाला फूट म्हणा. त्यावर पुढं आणखी पाच-सात कार्डं बसतील, अशी भरपूर जागा ठेवली. लग्नात आपण चार पाहुणे जास्त धरून स्वयंपाक करतो, तसं. पण हळूहळू आवाजाचं, चित्राचं, जाळ्याचं सगळं काम मदरबोर्डच करू लागला. पाहुणे आलेच नाहीत आणि हंडे रिकामे राहिले. मग २००१ साली तैवानच्या 'व्हीआयए' कंपनीनं १७ सेंटिमीटर लांब, १७ सेंटिमीटर रुंद असं छोटं माप काढलं, 'मिनी-आयटीएक्स'. वीतभरसुद्धा नाही! विकत घेणाऱ्यांनी तो पट्टा कुठं-कुठं बसवला म्हणता? पाव भाजायच्या यंत्रात, बिस्किटांच्या डब्यात... "आणि जुन्या रेडिओत," नात म्हणाली. मी खोकलो.

२९ फेब्रुवारी २०१२ ला तर इंग्लंडात 'रास्पबेरी पाय' निघाला: ३५ डॉलरला अख्खा संगणक, आकारानं बँकेच्या कार्डाएवढा. (मोरारजीभाईंचा वाढदिवसही चार वर्षांनी एकदाच यायचा, काही तारखांना साधेपणाचं वावडं नसतं.) २०१५ च्या नोव्हेंबरात त्याचा आणखी धाकटा भाऊ आला, पाच डॉलरचा, आणि तो चक्क एका मासिकाच्या मुखपृष्ठाला चिकटवून वाचकांना फुकट दिला. १९७५ साली मुखपृष्ठावर पोकळ पेटीचं चित्र. चाळीस वर्षांनी मुखपृष्ठावर खराखुरा संगणक! आपल्या दिवाळी अंकांबरोबर अजून उटण्याच्या पुडीच्या पुढं कुणी गेलेलं नाही.

आणि ३ ऑगस्ट २०२३ ला तर आपल्या सरकारनंच आयातीवर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली, तिच्यात लॅपटॉप, टॅब्लेटच्या पंगतीत 'अल्ट्रा स्मॉल फॉर्म फॅक्टर' संगणकांचंही नाव घातलं. दुसऱ्याच दिवशी ती अंमलबजावणी पुढं ढकलली, ती गोष्ट वेगळी. ज्याच्यावर सरकार अधिसूचना काढतं ती वस्तू खरी, हा इतिहासाचा नियम आहे. शिवाय लहानपणाची लाज आम्ही हिंगोलीकरांनी तरी का बाळगावी? १ मे १९९९ ला परभणी जिल्ह्यातून काढलेला आमचा जिल्हा अवघ्या पाच तालुक्यांचा. आम्हीच लहान आकारातले!

पुरावा भरपूर झाला होता, तरी माझा जीव दोऱ्यात अडकलेला. मी शेवटचा प्रश्न टाकला, "तू याआधी कधी काही उघडलं आहेस का?"

तर तिनं हळदीची गोष्ट सांगितली. आमच्या जावयांची वसमतच्या मोंढ्यात हळदीची आडत आहे. दुकानातला संगणक एका हंगामात घुर्र घुर्र करून बंद पडायला लागला. ही तेव्हा चौदा वर्षांची. बाप जेवायला गेला असताना हिनं झाकण उघडलं, तर यंत्र आतून पिवळंधमक! पंख्यावर, तारांवर, सगळीकडे हळदीचा थर. संगणकाला हळद लागली होती. फक्त अक्षता टाकायच्या बाकी होत्या. हिनं चित्रकलेच्या कुंचल्यानं ती सगळी झाडली आणि यंत्र पूर्ववत चालू लागलं.

"आणि झाकण?" मी विचारलं.

"झाकणाचं काय?"

"लावलंस?"

"लावणारच ना, आजोबा! चार स्क्रू होते, चारही लावले. काय विचारायलात?"

मी अंधारात थोडा वेळ बोललो नाही. मग म्हणालो, "घे रेडिओ."

अटी मात्र घातल्या. करवत चालवायची नाही. नवं भोक पाडायचं नाही. आतला सांगाडा जसाच्या तसा काढून जपून ठेवायचा. तिनं तळाचे चार बोल्ट काढले आणि व्हॉल्व्हसकट सगळा सांगाडा अलगद बाहेर आला. तो सौ.नं जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवला. इतक्या आदरानं आमच्या लग्नाचा अल्बमही ठेवलेला नाही.

सामान काही नांदेडहून आलं, काही कुरिअरनं. १७ सेंटिमीटरचा मदरबोर्ड पेटीच्या तळाशी असा बसला, की त्याच्यासाठीच आबांनी जागा धरून ठेवली होती. वीज देणारा ठोकळा तिनं लॅपटॉपसारखा बाहेरच ठेवला. त्याची वायर रेडिओच्या जुन्या वायरीच्याच भोकातून आत गेली. खरा प्रश्न उष्णतेचा. पेटी लहान केली म्हणून आतलं यंत्र कमी तापत नाही. तेवढीच ऊब थोड्या जागेत कोंडते. आणि पंखा बाहेरची हवाच आत घेणार. बाहेर ४३ अंश असताना तो काय महाबळेश्वरची आणणार आहे? म्हणून तिनं मुळात कमी वीज खाणारा, ३५ वॉटचा प्रोसेसर निवडला. हवा एका बाजूनं आत आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर गेली पाहिजे, म्हणाली. मला वाटलं, आता ही करवत मागणार. पण तिनं रेडिओचं पाठचं झाकण हातात घेतलं आणि उजेडासमोर धरलं. त्या पुठ्ठ्याला ओळीनं शेकडो भोकं. व्हॉल्व्ह तापत म्हणून रेडिओ बनवणाऱ्यांनी १९६२ पूर्वीच ती पाडून ठेवली होती! पुढच्या सोनेरी कापडातून हवा आत घ्यायची. धूळ कापडावरच अडेल. गरम हवा पाठीमागच्या भोकांतून बाहेर. पहिल्या दिवशी पंखा उलटा बसला आणि गरम वारा थेट माझ्या तोंडावर आला. नामदेवांसाठी औंढ्याचं देऊळ फिरलं म्हणतात. आमच्यासाठी पंखा तरी फिरायला हरकत नव्हती. तो तिनं फिरवला.

मग आला उद्घाटनाचा दिवस. संगणक सुरू करायचं काम तिनं रेडिओच्या मूळ बटणालाच जोडलं होतं, आणि मान मला दिला. मी बटण फिरवलं. 'टक्'. तोच आवाज! पडद्यावर अक्षरं उमटली, आणि चार सेकंदांत सगळं विझलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा अक्षरं, पुन्हा अंधार. नात घामाघूम. तिनं स्मृतीच्या पट्ट्या काढून घातल्या, वायरी तपासल्या, तिसऱ्यांदाही तेच. माझ्या पोटात १९७० सालचा गोळा आला. आपण हात लावला की मोडतं, हे पंचावन्न वर्षांनी पुन्हा सिद्ध होत होतं. कयाधूच्या काठी अजून बसायला जागा आहे का, असाही विचार येऊन गेला.

तेवढ्यात दारातून सौ. म्हणाली, "अहो, ते मामंजींसारखं बटण काय धरून बसलात? सोडा की!"

नातीनं कपाळावर हात मारला. संगणकाचं बटण म्हणजे दारावरची घंटा: दाबायचं आणि सोडायचं. चार सेकंद धरून ठेवलं तर यंत्राला वाटतं, मालक अडचणीत आहे, आणि ते स्वतःला बंद करून घेतं. रेडिओचं बटण मात्र फिरवलं की फिरलेलंच राहतं. त्यात मी ते आबांच्या सवयीनं, व्हॉल्व्ह तापायची वाट बघत धरून ठेवलेलं. "टक् करायचं आणि लगेच परत टक्, आजोबा." मी 'टक्-टक्' केलं. सुरू झाला, आणि सुरूच राहिला. इंजिनिअरिंगच्या दोन वर्षांत जे सापडलं नाही ते स्वयंपाकघरातून सापडलं.

आता तो फडताळावरच असतो. दिवसा नात त्यावर कॉलेजची कामं करते. रात्री काम नसतं तेव्हा तो 'आइन्स्टाईन अॅट होम' नावाच्या प्रकल्पाला जोडलेला असतो. २००५ साली सुरू झालेल्या या प्रकल्पात जगभरच्या घरचे संगणक रिकाम्या वेळात लायगो आणि रेडिओ दुर्बिणींनी जमवलेल्या नोंदी चाळतात. २०१० साली अशा चाळण्यातूनच एक अज्ञात तारा सापडला, सेकंदाला सुमारे ४१ गिरक्या घेणारा; शोधणारे कोण, तर अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं एक जोडपं आणि जर्मनीतला एक माणूस, आपापल्या घरी बसलेले. तसलीच लायगोची, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची वेधशाळा आमच्या औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं तिला २,६०० कोटी मंजूर केले. त्या भुजांपुढं आमचे एकोणीस लिटर म्हणजे काहीच नाही. पण आबांचा रेडिओ पुन्हा रात्रीचं स्टेशन शोधायला लागला आहे, एवढं खरं. फक्त या वेळचं स्टेशन जरा लांबचं आहे.

झाकण लावायच्या आधी नातीनं मला हाक मारली. "हे फिरवून बघा." काचेच्या पट्टीचं ते दुसरं बटण. त्याला ना वायर, ना काही काम. तरी मी फिरवलं, आणि काचेमागं काटा हलला! हैदराबादवरून निघाला, दिल्ली ओलांडून सिलोनच्या दिशेनं चालू लागला. पोरीनं चारही कप्प्यांवरून नवा दोरा ओवला होता. आजीच्या शिवणाच्या डब्यातला, पतंगी रंगाचा. आत असल्यानं रंग कुणाला दिसत नाही. पण मला ठाऊक आहे.

झाकणाचे तीन स्क्रू तिनं लावले. चौथा मी लावला. जरा वाकडा बसलाय, पण बसलाय.